नेमबाजीचे वय आणि कायद्याचा नेम

पुण्याहून अहिल्यानगरकडे निघालेल्या प्रवाशाला डोंगरावरच्या पवनचक्क्यांची रांग दिसू लागली की सुपा जवळ आल्याचे कळते. कधीकाळी बाजरीचे आणि दुष्काळाचे म्हणून ओळखले जाणारे हे पारनेर तालुक्यातील गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे गजबजले आहे. जपानी कंपन्यांसाठी येथे स्वतंत्र क्षेत्र राखले गेले. मात्र या परिसराची खरी ओळख कारखान्यांच्या धुराड्यांहून जुनी आहे. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या सहवासात क्रांतीची दीक्षा घेणारे सेनापती बापट पारनेरचे. १९६५च्या युद्धात सैन्यात असलेले अण्णा हजारे शेजारच्या राळेगणसिद्धीचे. तीस-पस्तीस किलोमीटरवरील अहिल्यानगर तर चिलखती दलाचे आणि यांत्रिक पायदळाचे प्रशिक्षण देणारे शहर. पारनेर, राहुरी आणि नगर या तालुक्यांच्या जमिनीला भिडलेला के. के. रेंज हा लष्करी सराव परिसर इथल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचाच नव्हे, तर त्यांच्या चिंतेचाही विषय राहिलेला आहे. अशा मातीतील मुलांना बंदुकीचे भय वाटू नये आणि भलते आकर्षणही वाटू नये, ही अपेक्षा गैर नाही.

आता याच सुप्यातील एखाद्या आठवीतील मुलीने १ ऑगस्ट २०२४ रोजी दूरचित्रवाणीवर स्वप्निल कुसाळेला पॅरिसमध्ये पदक स्वीकारताना पाहिले आणि ‘मलाही नेमबाजी शिकायची आहे’ असा हट्ट धरला, तर तिच्या पालकांनी काय करावे? कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीसारख्या छोट्या गावचा मुलगा पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवतो, तेव्हा पारनेर तालुक्यातील मुलीने तसे स्वप्न पाहणे यात अतिशयोक्ती काहीच नाही. परंतु पालकांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा नव्हे, कायद्याचा. मुलीच्या हातात बंदूक दिली तर पोलीस दारात येतील का? परवाना लागेल का? तो तिच्या वयाला मिळतो का? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी माणसे तालुक्याच्या ठिकाणी सहज भेटत नाहीत. मग चार जाणती माणसे सांगतात, ‘कशाला ती कटकट? क्लास लावा.’ विषय तिथेच मिटतो.

वास्तविक कायदा इतका दुर्बोध नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ९ नुसार एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला अग्निशस्त्र बाळगता येत नाही. मात्र त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात अपवाद आहे : ठरवून दिलेले वय गाठलेल्या व्यक्तीला प्रशिक्षणापुरते, ठरवून दिलेल्या अटींखाली शस्त्र वापरता येते. नियमांनी हे वय बारा वर्षे ठरवले आहे आणि प्रौढ, जबाबदार मार्गदर्शकाची प्रत्यक्ष देखरेख ही त्याची अट आहे. म्हणजेच बाराव्या वर्षी शिकता येते, पण स्वतःच्या नावाचे शस्त्र एकविसाव्या वर्षापर्यंत नाही. शिवाय ज्या दहा मीटर एअर रायफलने आणि एअर पिस्तुलाने बहुतेक मुले या खेळात पहिले पाऊल टाकतात, त्या साडेचार मिलिमीटरच्या, वीस ज्यूलपेक्षा अधिक शक्ती नसलेल्या हवाई शस्त्राला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवानाच लागत नाही. सुप्यातील ती मुलगी कायद्याच्या दृष्टीने उद्या सकाळी सरावाला उभी राहू शकते. पण हे तिला सांगायचे कोणी?

एकवीस वर्षांची ही अट आली कशी, याचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. मूळ १९५९च्या कायद्यात ही मर्यादा सोळा वर्षांची होती. १९८३मध्ये दुरुस्ती होऊन ती एकवीसवर नेण्यात आली. तो काळ पंजाबातील हिंसाचाराचा होता आणि शासनाने सावध व्हावे यात आश्चर्य नव्हते. त्या वेळी मतदानाचे वयही एकवीसच होते. पुढे एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९पासून मतदानाचे वय अठरावर आले. देशाचे सरकार निवडण्याइतकी प्रगल्भता अठराव्या वर्षी येते असे संसदेने मान्य केले, पण पॉइंट बावीस बोअरच्या रायफलीपुरता तोच नागरिक आणखी तीन वर्षे अज्ञानच राहिला. तेव्हापासून दिल्लीत अनेक पक्षांची सरकारे आली आणि गेली. या विसंगतीकडे गांभीर्याने पाहायला कोणालाही वेळ झाला नाही.

विसंगती एवढ्यावर थांबत नाही. राष्ट्रीय छात्रसेनेतील तेरा-चौदा वर्षांचा छात्र शासनाच्या पॉइंट बावीस रायफलीने शासनाच्याच मैदानावर गोळ्या झाडतो आणि तसे त्याने करावे म्हणून शासन शाळांना प्रोत्साहन देते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत साडेसोळा वर्षांच्या मुलाला प्रवेश मिळू शकतो, २०२२पासून मुलींनाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत साडेसतराव्या वर्षी भरती होता येते. पारनेर तालुक्यातील एकोणीस वर्षांचा अग्निवीर सीमेवरील चौकीत भरलेली रायफल घेऊन रात्रभर जागा राहतो. तोच सुट्टीवर सुप्याला आला आणि नेमबाजीच्या स्पर्धेसाठी स्वतःच्या नावाने लक्ष्यवेधाची साधी रायफल घेऊ म्हणाला, तर त्याला सांगितले जाते की बाळा, तू अजून लहान आहेस.

खेळाच्या जगात तर वय या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत हरियाणाच्या अनिश भनवालाने पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता, आणि त्या प्रकारात हवाई नव्हे तर काडतुसाचे पिस्तूल वापरले जाते. त्याच वर्षी जाकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत सौरभ चौधरीने सोळाव्या वर्षी सुवर्ण जिंकले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये कैरो येथे एअर रायफलचा विश्वविजेता झाला तेव्हा अठरा वर्षांचा होता. पॅरिसमध्ये महिलांच्या दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकणारी दक्षिण कोरियाची बान ह्यो-जिन सोळा वर्षांची आणि रौप्य घेणारी चीनची ह्वांग युटिंग सतरा वर्षांची. एकविसाव्या वर्षी ज्याला स्वतःचे शस्त्र प्रथम हाताळायला मिळते, त्याने या मुलांशी बरोबरी कशी करायची? नेमबाजाला स्वतःच्या शस्त्राचा दस्ता, ट्रिगरचे वजन, गालाची टेकण हे सारे आपल्या शरीराप्रमाणे घडवून घ्यावे लागते. आज एकाची, उद्या दुसऱ्याची, परवा क्लबची रायफल घेऊन पदके मिळत नसतात.

केंद्र शासनाने याची अंशतः दखल घेतली, हे मान्य करायला हवे. २०२०च्या फेब्रुवारीत गृह मंत्रालयाने नामवंत नेमबाजांना सवलतीच्या वर्गात बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल मर्यादा सातवरून बारावर नेली, कनिष्ठ आणि उदयोन्मुख नेमबाजांना एकाऐवजी दोन शस्त्रांची मुभा दिली आणि सरावाच्या काडतुसांचा कोटाही वाढवला. पॉइंट बावीसच्या काडतुसांची मर्यादा एक हजारावरून पाच हजारांवर गेली. स्वागतार्ह निर्णय. पण या सवलतींचा लाभ घेण्यासाठी आधी उदयोन्मुख नेमबाज म्हणून मान्यता हवी, मान्यतेसाठी स्पर्धेतील गुण हवेत, गुणांसाठी सराव हवा आणि सरावासाठी रेंज हवी. ही साखळी मुंबई-पुण्याच्या मुलासाठी पहिल्या कडीपासून सुरू होते. सुप्याच्या मुलासाठी पहिली कडीच गहाळ आहे. ऑलिंपिक दर्जाची रेंज म्हटले की महाराष्ट्रात वरळी आणि बालेवाडी हीच नावे प्रथम ओठांवर येतात. सुप्यापासून बालेवाडी शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. आठवड्यातून चार दिवस शाळकरी मुलीने ती वाट तुडवावी असे कोण म्हणेल?

या ठिकाणी तथाकथित पुरोगामी मंडळींचा आवाज हमखास वर चढतो. एखाद्या हिंदू संघटनेच्या शिबिरात चार मुलांनी एअर रायफल हाती घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध झाली की यांना लगेच फॅसिझमची चाहूल लागते. अग्रलेख लिहिले जातात, वाहिन्यांवर चर्चा झडतात, ‘मुलांच्या हाती पुस्तक द्यायचे की बंदूक’ असा भाबडा प्रश्न विचारला जातो. त्याच वाहिन्या पदकाच्या दिवशी नेमबाजाच्या आईच्या मुलाखतीसाठी रांगेत उभ्या असतात. साडेचार मिलिमीटरचे तेच हवाई शस्त्र पॅरिसमध्ये गौरव ठरते आणि शिबिरात संकट ठरते, हा न्याय कोणता? शिबिरात नियम मोडला असेल तर त्याची चौकशी कायद्याने जरूर करावी, त्यात कोणाची गय नको. पण नियम पाळून होणाऱ्या लक्ष्यवेधालाच संशयाच्या पिंजऱ्यात उभे करणे हा शुद्ध दुटप्पीपणा आहे.

या मंडळींना आठवण करून द्यावी लागते की राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१मध्ये झाली ती लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने. मावळणकर गांधीजींचे निष्ठावंत अनुयायी आणि मुरलेले काँग्रेसजन. मुलांच्या नेमबाजीतील पहिली मोठी पायरी मानली जाणारी अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते. स्वतः गांधीजींनी १८७८च्या ब्रिटिश शस्त्र कायद्याविषयी आत्मचरित्रात काय म्हटले आहे तेही पुरोगाम्यांनी एकदा वाचावे. एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा तो कायदा त्यांनी इंग्रजी राजवटीच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरवला होता. लॉर्ड लिटनच्या त्या कायद्यात युरोपीयांना सूट होती आणि या देशाच्या पुत्रांना परवान्याची अट. शस्त्र हे विश्वासाचे चिन्ह आणि नेटिव्ह माणूस विश्वासास अपात्र, असा त्याचा सरळ अर्थ. हाच अपमान ओळखून डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३५मध्ये सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९३७मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभी केली. हिंदू तरुणाने सैनिकी शिक्षण घ्यावे हा सावरकरांचा आग्रह त्याच विचारधारेतला. शस्त्राचे शिक्षण शाळेच्या शिस्तीत, शिक्षकाच्या नजरेखाली आणि राष्ट्राच्या कामासाठी, ही ती परंपरा आहे. कमरेला पिस्तूल लावून गावात मिरवणे तिच्यात कधीही बसत नव्हते.

आणि येथेच घरच्या मंडळींनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. वाढदिवसाच्या फलकावर हातात पिस्तूल घेतलेला ‘भाऊ’, लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणारा पाहुणा, भ्रमणध्वनीवर गावठी कट्ट्यासह चित्रफीत टाकणारा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, ही दृश्ये नगर जिल्ह्याला नवी नाहीत. मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी परिसरातून येणारे कट्टे महाराष्ट्रात किती सहज पोहोचतात, हे पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांतून वारंवार दिसते. या पोरांच्या कपाळी टिळा असला आणि मुखी शिवरायांचा जयघोष असला, म्हणून त्यांच्या वर्तनाला क्षात्रतेज म्हणता येणार नाही. २०१९च्या दुरुस्तीने विनापरवाना साध्या अग्निशस्त्रासाठीही किमान दोन वर्षांच्या कारावासाची तरतूद केली. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. कट्टा हाताळणाऱ्या मुलाला नेमाशी काही घेणे नसते, त्याला धाक हवा असतो. खऱ्या रेंजवर वर्षभर उभा राहिलेला मुलगा शस्त्र कधीही माणसाच्या दिशेने वळवत नाही, कारण ते पहिल्याच दिवशी त्याच्या हाडीमाशी भिनवले जाते. ज्या गावात रेंज नाही तेथे शस्त्राचे आकर्षण संपत नाही, ते फक्त चुकीच्या गुरूकडे जाते.

लहान वयात शस्त्र म्हणजे अनर्थ, हा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. त्याला थट्टेने उत्तर देणे बेजबाबदारपणाचे होईल. डिसेंबर २००७मध्ये गुडगावच्या एका शाळेत आठवीतील मुलांनी वडिलांचे पिस्तूल आणून वर्गबंधूचा जीव घेतला. जर्मनीत एरफुर्ट येथे २६ एप्रिल २००२ रोजी एकोणीस वर्षांच्या माजी विद्यार्थ्याने सोळा जणांना ठार केले, आणि तो नेमबाजी क्लबचा सदस्य होता. पुढे ११ मार्च २००९ रोजी विनेंडेन येथे सतरा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या शयनगृहात कुलुपाबाहेर राहिलेले पिस्तूल घेऊन पंधरा जणांचे प्राण घेतले. वडील नेमबाज होते. यावर जर्मनांनी काय केले? नेमबाजीचे क्लब बंद केले नाहीत. त्यांनी पायऱ्या बांधल्या. बाराव्या वर्षापासून हवाई शस्त्र, चौदाव्यापासून लहान बोअरचे शस्त्र, तेही रेंजवर, पालकांच्या संमतीने आणि देखरेखीखाली. मोठ्या बोअरचे क्रीडाशस्त्र स्वतःच्या नावावर घेण्याचे वय एरफुर्टनंतर अठरावरून एकवीसवर नेले आणि पंचविशीच्या आतील अर्जदाराला मानसिक तपासणीचा दाखला आवश्यक केला. विनेंडेननंतर घरातील शस्त्रसाठवणीची पूर्वसूचनेविना तपासणी करण्याचा अधिकार प्रशासनाला मिळाला.

याउलट ब्रिटनने १९९६च्या डनब्लेन हत्याकांडानंतर हातातील शस्त्रांवर सरसकट बंदी घातली. परिणाम असा की त्यांच्याच पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशांचा रस्ता धरावा लागला. तेथेही रायफलीच्या बाबतीत मात्र चौदाव्या वर्षापासून प्रमाणपत्र मिळू शकते.

भारतीय कायद्यात नेमका हा विवेक नाही. आत्मसंरक्षणाचे रिव्हॉल्व्हर आणि क्लबमधील लक्ष्यवेधाची रायफल यांना तो वयाच्या एकाच तराजूत तोलतो. विशेष म्हणजे फरक करण्याची सोय याच कायद्यात आहे. वेगवेगळ्या शस्त्रांसाठी वेगवेगळी वयोमर्यादा ठरवता येईल असे कलम ९मधील प्रशिक्षणाच्या तरतुदीत स्पष्ट म्हटले आहे. कलम १३ तर मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यवेधासाठी पॉइंट बावीस रायफलीचा परवाना द्यावा अशी भाषा वापरते. कलम १४ सांगते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या आणि शिक्षकाच्या मुलाचा विचार विधिमंडळाने नव्हे, प्रत्यक्ष संसदेने केला होता. कलेक्टर कचेरीत हे कलम किती टेबलांना ठाऊक असते, हा निराळा प्रश्न. परवाना म्हणजे प्रतिष्ठितांना वाटायचा मान, ही इंग्रजी काळातील समजूत कचेऱ्यांच्या भिंतींत अजून मुरलेली आहे. पुढाऱ्याच्या पुतण्याचा अर्ज पुढे सरकतो आणि राज्यस्तरावर खेळलेल्या विद्यार्थ्याची फाईल पोलीस ठाण्याच्या शेऱ्यासाठी थांबते, अशी कुजबुज कोणत्याही जिल्ह्यात ऐकू येते.

तेव्हा मागणी नेमकी असावी. आत्मसंरक्षणाच्या शस्त्राची एकवीस वर्षांची अट तशीच राहू द्यावी, तिला हात लावण्याचे कारण नाही. क्रीडेसाठी मात्र स्वतंत्र पायऱ्या हव्यात : अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेत किमान गुण मिळवलेल्या खेळाडूला स्वतःच्या नावाने लहान बोअरच्या लक्ष्यवेधी रायफलीचा वा पिस्तुलाचा परवाना मिळावा, आणि ते शस्त्र एकविसाव्या वर्षापर्यंत घरी न ठेवता क्लबच्या शस्त्रागारात दोन किल्ल्यांच्या कपाटात राहावे, एक किल्ली प्रशिक्षकाकडे. विनेंडेनचा धडा कुलुपाचा होता, तो येथे लागू पडतो. एरफुर्टचा धडा मनाच्या तपासणीचा, तोही पडतो. अशी दुरुस्ती संसदेला करावी लागेल, कारण एकवीस हा आकडा खुद्द कायद्यात आहे. अहिल्यानगरच्या दोन्ही खासदारांना या विषयावर प्रश्न विचारायला कोणी अडवलेले नाही.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. दहा मीटर हवाई रेंजला परवान्याच्या शस्त्राची गरजच नसते. एक लांबट बंदिस्त सभागृह, मागे गोळ्या अडवणारी भक्कम भिंत, लक्ष्यपट आणि चार-सहा रायफली एवढ्यावर सुरुवात होते. अर्थात खेळ स्वस्त नाही. स्पर्धेच्या दर्जाची आयात रायफल लाखांच्या घरात जाते आणि स्वप्निल कुसाळेच्या शिक्षक वडिलांना मुलासाठी कर्ज काढावे लागल्याचे वर्तमानपत्रांनी पदकानंतर छापले. तो नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, म्हणजे शासनाने हात दिला म्हणून टिकला. कोल्हापूरने दुधाळीच्या मैदानावर तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत घडवल्या. तेजस्विनी २०१०मध्ये म्युनिच येथे विश्वविजेती झाली, राहीने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातील छात्रसेनेतून पुढे आली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली. या सगळ्यांच्या पाठीशी प्रथम एक जवळची रेंज होती, मग परवाना, मग पदक.

सुप्यात ते साधन आहे, फक्त कोणी त्याकडे पाहिलेले नाही. २०१३च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक नफा असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण तसेच ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांपुढे सुप्यातील शाळांनी, पालकांनी आणि ग्रामपंचायतीने एकत्र येऊन दहा लक्ष्यपटांच्या हवाई रेंजचा प्रस्ताव ठेवावा. प्रशिक्षक शोधायला दूर जावे लागणार नाही. नगरच्या छावणीतून निवृत्त झालेले, शस्त्रशिस्त अंगी मुरलेले सुभेदार आणि हवालदार याच तालुक्यांत शेती करीत आहेत. खंडेनवमीला घराघरांत अवजारांची पूजा होते, विजयादशमीला शस्त्रपूजनाचे कार्यक्रम होतात, पेढे वाटले जातात. येत्या विजयादशमीच्या आधी तालुक्यातील स्वयंसेवकांनी शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटून किती मुले-मुली नाव नोंदवायला तयार आहेत याची यादी करावी, आणि ती यादी प्रस्तावाला जोडून कंपन्यांच्या व्यवस्थापनाकडे व जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे एकाच दिवशी सादर करावी.